महास्फोट हा बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा मानता येईल का?

उत्तरवसई (धागाकर्ती):

नमस्कार. मी वसईची कॅथलिक आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अलीकडेच तरुणांसाठी एक व्याख्यान झाले. विश्वाला सुरुवात होती हे आता विज्ञानानेच मान्य केले आहे, ती सुरुवात प्रखर प्रकाशाने झाली आणि 'प्रकाश होवो' हे पवित्र शास्त्रातले वचन नेमके तेच सांगते, असा वक्त्यांचा सगळा भर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एका मुलाने उठून विचारले की, महास्फोटाच्या (बिग बँगच्या) आधीही काहीतरी होते असे शास्त्रज्ञांनी उद्या सिद्ध केले, तर बायबल खोटे ठरेल का? 'तसे कधीच होणार नाही' एवढेच उत्तर त्याला मिळाले.

मला ते उत्तर पटले नाही आणि त्याहून नेमके उत्तर मला स्वतःलाही सुचले नाही. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे हे मी वर्गात शिकवते आणि आकाश व पृथ्वी यांच्या निर्मात्यावर माझी श्रद्धा आहे असे रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत मोठ्याने म्हणते. ही दोन्ही विधाने मी मनापासून करते. ती एकमेकांना छेद देतात असे मला कधी वाटले नाही. पण का वाटले नाही, हे विद्यार्थ्यापुढे मुद्देसूद मांडायला गेले की शब्द अडखळतात.

'विज्ञान कसे घडले ते सांगते आणि धर्म कशासाठी ते सांगतो' हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. ते चुकीचे नसेलही, पण चर्चा जिथे सुरू व्हायला हवी तिथेच ते ती संपवून टाकते. उलट 'सगळे काही पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेले आहे' ही भूमिका तर मला शिक्षिका म्हणून अजिबात मान्य नाही. आधुनिक विज्ञान पूर्णपणे स्वीकारून ख्रिस्ती श्रद्धा प्रामाणिकपणे धरता येते का, आणि येत असेल तर तिची किंमत काय, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

आकाशवेध:

ताई, त्या मुलाने वर्मावर बोट ठेवले आहे. त्याचाच प्रश्न महास्फोटाच्या कल्पनेच्या जनकाला, प्रत्यक्ष पोपमहोदयांच्या एका भाषणामुळे पडला होता, आणि तो जनक स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. हा प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममधल्या शार्लरवा गावी झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२३ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांच्याकडे सापेक्षतेचा अभ्यास करायला गेले. एडिंग्टन स्वतः क्वेकर पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १९२७ साली लमेत्र यांनी ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत निबंध प्रसिद्ध केला. विश्व प्रसरण पावत आहे आणि म्हणून दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह, गॅलेक्सी) जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, हे त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून दाखवले आणि उपलब्ध निरीक्षणांशी ताडूनही पाहिले. ते नियतकालिक बाहेर फारसे कोणी वाचत नव्हते. याच नियमावरचा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा प्रसिद्ध निबंध १९२९ चा आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ साली या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली. १९२७ सालीच ब्रुसेल्समध्ये त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. गणितात काही खोट नाही, पण भौतिकीच्या दृष्टीने ही कल्पना अगदीच अग्राह्य आहे, असे आइन्स्टाइन म्हणाल्याचे लमेत्र यांनी पुढे नोंदवले आहे.

आता मुख्य गोष्ट. मे १९३१ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात लमेत्र यांचे एक छोटे पत्र छापून आले. विश्वाची सगळी ऊर्जा आरंभी एकाच पुंजात, त्यांच्या भाषेत एका आदिम अणूत, सामावलेली असावी, आणि काळ व अवकाश या कल्पनांनाच त्याच्या विघटनानंतर अर्थ येत असावा, असे त्यांनी त्यात सुचवले. हे पत्र पानभरही नाही. त्याच्या टंकलिखित प्रतीच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंताला, आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा टाकते हे पाहून समाधानच वाटेल, असा त्याचा आशय होता. पत्र पाठवण्यापूर्वी लमेत्र यांनी तो परिच्छेद रेघ मारून काढून टाकला. मला या माणसाची भूमिका त्या एका रेघेत सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांनी श्रद्धा लपवली नाही. ते आयुष्यभर धर्मगुरूच्या वेशात वावरले. पण भौतिकीच्या निबंधात देवाचा आधार घ्यायचा नाही आणि देवाला भौतिकीचा आधार द्यायचा नाही, हे पथ्य त्यांनी कटाक्षाने पाळले.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या (व्हॅटिकनच्या) विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाच्या प्रसरणाचा आणि त्याच्या वयाच्या अंदाजांचा दाखला देऊन, आजचे विज्ञान जणू 'प्रकाश होवो' या आदिम वचनाचीच साक्ष देत आहे, असे त्यांनी मांडले. लमेत्र याच अकादमीचे सदस्य होते आणि हे भाषण त्यांना रुचले नाही. महास्फोट तेव्हा केवळ एक गृहीतक होते. विश्वाला आरंभच नाही असे मानणारा हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा स्थिर-स्थिती सिद्धांत त्याच्यासमोर तुल्यबळ उभा होता. व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओ'कॉनेल यांच्यामार्फत लमेत्र यांनी आपले म्हणणे वरपर्यंत पोहोचवले, असे चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला खगोलशास्त्रज्ञांची मोठी परिषद झाली आणि पोप तिच्या प्रतिनिधींपुढेही बोलले, पण तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. त्याच परिषदेत वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे आजवर मानली त्याच्या सुमारे दुप्पट आहेत असे जाहीर केले, आणि विश्वाच्या वयाचा अंदाजही त्या एका घोषणेने दुप्पट झाला. विज्ञानाच्या ताज्या आकड्यावर श्रद्धेची इमारत उभी करण्यातला धोका याहून ठळकपणे दाखवणारा प्रसंग मला माहीत नाही.

१९५८ साली लमेत्र यांनी आपली भूमिका निःसंदिग्ध शब्दांत मांडली. आपला सिद्धांत धार्मिक किंवा तत्त्वमीमांसेच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर राहतो, जडवाद्याला देव नाकारण्याची मुभा तो कायम ठेवतो आणि श्रद्धावंताला बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातल्या गुप्त देवाची आठवण करून देतो, असे ते म्हणाले. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला निर्धास्तपणे सांगावे की, महास्फोटाआधी काही सापडले तर पाठ्यपुस्तक बदलेल. पवित्र शास्त्राने महास्फोट सांगितलेलाच नाही, मग ते त्यामुळे खोटे कसे ठरेल?

चिकित्सक:

आकाशवेध यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे आणि लमेत्र यांच्याविषयी माझ्याही मनात आदर आहे. मी ख्रिस्ती नाही, कोणत्याच धर्माचा अनुयायी नाही, तरी हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो म्हणून एक आक्षेप स्पष्टपणे नोंदवतो.

लमेत्र यांनी आखलेली सीमारेषा विश्वोत्पत्तीपुरती चालते, कारण तिथे श्रद्धेचे विधान इतके व्यापक आहे की कोणतीही दुर्बीण त्याला धक्का लावू शकत नाही. पण ख्रिस्ती धर्म तेवढ्यावर थांबत नाही. तो इतिहासाच्या आत येऊन विधाने करतो. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, जेरुसलेममध्ये, एक मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे विधान जगाविषयीचे आहे, ते केवळ जीवनाच्या अर्थाविषयीचे नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे संत पौलाने करिंथकरांना स्वतःच बजावले आहे. म्हणजे क्षेत्रे वेगवेगळी असल्याचा युक्तिवाद पौलालाच मान्य झाला नसता.

दुसरे असे की, ऐतिहासिक अनुभव वेगळे सांगतो. १६१६ साली सूर्य स्थिर असल्याचे मत पवित्र शास्त्राच्या विरोधी ठरवले गेले आणि १६३३ साली गॅलिलिओला ते गुडघे टेकून नाकारावे लागले. त्यांच्या न्यायाधीशांना क्षेत्रे वेगळी असल्याचे ठाऊक नव्हते. बायबलमधल्या यहोशवाच्या ग्रंथात सूर्य थांबला असे लिहिले आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. सूर्यकेंद्री मताच्या ग्रंथांची नावे निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून निघायला १८३५ साल उजाडले. आज तेच वचन रूपक म्हणून वाचले जाते. मला दिसणारा क्रम असा आहे: जे तपासता येते आणि चुकीचे ठरते, ते रूपक होते, जे तपासता येत नाही, ते शब्दशः खरे राहते. यात समन्वय कमी आणि टप्प्याटप्प्याची माघार अधिक आहे, असे एखाद्या तटस्थ वाचकाने म्हटले, तर त्याला काय उत्तर द्यावे? हे मी वादासाठी विचारत नाही. मला याचे उत्तर खरोखर हवे आहे.

रानवाटा:

चिकित्सक यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. मी वनस्पतिशास्त्राची अभ्यासक आहे आणि ख्रिस्ती आहे. महास्फोटापेक्षा उत्क्रांती हा श्रद्धेपुढचा अधिक कठीण प्रश्न आहे असे माझे मत असल्याने मी त्या बाजूने लिहिते.

आधी माघारीच्या मुद्द्याविषयी. तो सर्वत्र लागू होत नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर त्याआधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने तिसऱ्या शतकात विचारला होता. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना, ते सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे मांडले आणि आकाश-ताऱ्यांविषयी अडाणीपणाची विधाने पवित्र शास्त्राच्या नावावर खपवणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कडक शब्दांत सुनावले. त्यांच्यामागे कोणी भूगर्भशास्त्रज्ञ पुरावे घेऊन लागला नव्हता. गॅलिलिओच्या प्रकरणात ख्रिस्तसभेने (चर्चने) स्वतःचीच जुनी शिकवण विसरून अन्याय केला, असे मी म्हणेन; गॅलिलिओने १६१५ च्या आपल्या पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेतला होता.

पण आदामाच्या बाबतीत चिकित्सक यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. चिंपांझी, गोरिला यांसारख्या महावानरांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि आपल्या पेशींत २३. मग एक जोडी कुठे गेली? आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले, तर गुणसूत्राच्या टोकांशी आढळणारी विशिष्ट रचना त्याच्या मध्यभागी सापडते, आणि गुणसूत्राला एकच असायला हवा तो मध्यबिंदू असूनही दुसऱ्या, निकामी झालेल्या मध्यबिंदूच्या खुणा त्यात दिसतात. दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेल्याची ही स्पष्ट निशाणी आहे. २००५ साली अमेरिकेत डोव्हर येथील शाळांच्या खटल्यात ही माहिती न्यायालयापुढे मांडणारे साक्षीदार, जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, स्वतः कॅथलिक आहेत, आणि 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने रचले हा विचार, हे विज्ञान नव्हे असाच निकाल त्या खटल्यात लागला. उत्क्रांतीविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ख्रिस्तसभेनेही मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास निषिद्ध मानलेला नाही. १९५० च्या परिपत्रकात पोप बारावे पायस यांनी त्याला वाट मोकळी ठेवली आणि १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही केवळ गृहीतकाहून अधिक आहे असे म्हटले. तथापि त्याच १९५० च्या परिपत्रकात असेही आहे की, आदाम ही एक व्यक्ती न मानता अनेक आदिपुरुष मानले, तर मूळपापाच्या, म्हणजे आदामाचे पाप सगळ्या मानवजातीकडे आले या, शिकवणीशी त्याचा मेळ कसा बसेल ते दिसत नाही. आजचे जनुकशास्त्र सांगते की, गेल्या काही लाख वर्षांत आपल्या पूर्वजांची संख्या एका जोडप्यावर येऊन ठेपली होती असे दिसत नाही. येथे खरा ताण आहे. काही धर्मपंडित आदामाला समूहाचा प्रतिनिधी मानतात, तर काही मूळपाप हे सगळ्या मानवजातीच्या स्थितीचे वर्णन मानतात. मला दुसरे मत अधिक पटते, परंतु हे काम पुरे झाले आहे असा आव मी आणणार नाही.

याहूनही जड प्रश्न वेदनेचा आहे. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन होते आणि डार्विनचे पहिल्या फळीतले समर्थक. त्यांना डार्विनने मे १८६० मध्ये लिहिले की, जिवंत सुरवंटांच्या शरीरात आपल्या अळ्या पोसणारी गांधीलमाशी दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हेतुपुरस्सर निर्माण केली असे मी स्वतःला पटवू शकत नाही. खंडाळ्याच्या रानात काम करताना अशा परजीवींनी पोखरलेले सुरवंट मी कितीतरी पाहिले आहेत. सुरवंट हळूहळू आतून रिकामा होतो आणि शेवटपर्यंत हालचाल करत राहतो. ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी क्रूसावर वेदना सोसणारा देव आहे, तिला या दृश्यापुढे अगदीच निःशब्द व्हावे लागत नाही, असे मला वाटते. पण ते उत्तर जीवशास्त्रातून येत नाही आणि ते सर्वांना पटावे असा माझा आग्रहही नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या विषयाची आणखी एक बाजू दिसली असेल. स्विस जेझुइट (येशूसंघीय कॅथलिक धर्मगुरू) फादर ब्लॅटर आणि त्यांच्यानंतर स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनी पश्चिम घाटातल्या वनस्पती गोळा करून, दाबून, वाळवून, कागदावर चढवून, ठिकाण आणि दिनांक नोंदवून ठेवल्या. सांतापाव पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. त्या नोंदी मी कामासाठी वापरल्या आहेत. त्यांत एकही शब्द धर्माचा नाही आणि त्या अत्यंत काटेकोर आहेत. श्रद्धेमुळे निरीक्षणशक्ती मंदावते, असे त्यानंतर मला तरी कोणी पटवू शकलेले नाही.

उत्तरवसई:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लमेत्र यांचे नाव मी वर्गात घेत आले होते, पण १९५१-५२ चा प्रसंग मला माहीत नव्हता. रानवाटा यांनी आदामाविषयी जे लिहिले ते मी पुन्हा पुन्हा वाचले. ही अडचण धर्मग्रामात कोणी बोलून दाखवत नाही, आणि मुले ती इंटरनेटवर शोधून काढतात तेव्हा आपल्याला फसवले गेले अशी त्यांची भावना होते.

एक शंका मात्र उरते. विश्वाच्या आरंभाशी निर्मितीच्या सिद्धांताचा संबंध नसेल, तर देव निर्माता आहे या वाक्यात आपण नेमके काय म्हणत असतो?

आकाशवेध:

ताई, याचे सर्वांत नेटके उत्तर तेराव्या शतकातले आहे. जगाला काळात आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते केवळ श्रद्धेने स्वीकारलेले आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी ठामपणे म्हटले होते. त्यांचे स्वतःचे अनेक समकालीन त्यामुळे अस्वस्थ झाले. त्यांच्या मते निर्मिती म्हणजे पहिल्या क्षणी घडलेली एखादी हालचाल नव्हे. जे जे अस्तित्वात आहे ते प्रत्येक क्षणी, आत्ताही, आपल्या असण्यासाठी देवावर अवलंबून आहे, या संबंधाला ते निर्मिती म्हणतात. जग अनादि असते तरीही ते निर्मितच असते, हे त्यांचे म्हणणे मला फार धाडसी वाटते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सातशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे: महास्फोटाआधी दुसरे विश्व असो वा अनंत विश्वांची मालिका असो, त्यांपैकी काहीच स्वतःच्या बळावर का अस्तित्वात असावे, हा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

चिकित्सक:

अक्वायनसची मांडणी मला सुसंगत वाटते. त्या प्रश्नाला उत्तर असलेच पाहिजे असे मी मानत नाही. विश्व आहे, एवढ्यावर थांबायला माझी तयारी आहे. परंतु ही भूमिका विज्ञानाशी विसंगत नाही, हे मला मान्य करावे लागेल. रानवाटा यांनी आदामाची अडचण झाकली नाही, यामुळे माझा माघारीविषयीचा आक्षेपही थोडा सौम्य झाला. पुनरुत्थानाविषयी मात्र मी अजून तिथेच आहे.

रानवाटा:

चिकित्सक, पुनरुत्थानाबाबत मी आपल्याला पटवू शकेन असे मला वाटत नाही, आणि विज्ञानाच्या आधारे पटवण्याचा प्रयत्नही करणार नाही. मेलेली माणसे उठत नाहीत हे पहिल्या शतकातल्या लोकांनाही पक्के ठाऊक होते. शुभवर्तमानातले शिष्य म्हणूनच आधी विश्वास ठेवत नाहीत. निसर्ग एरवी कसा वागतो हे विज्ञान सांगते, आणि एकदाच घडल्याचा दावा असलेल्या घटनेबाबत साक्षींचे वजन करावे लागते. ते वजन करताना देव असू शकतो की नाही, याविषयीचे आपले आधीचे मत दोन्ही बाजूंनी तराजूत पडतेच. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन पोल्किंगहॉर्न यांनी १९७९ साली प्राध्यापकपद सोडले आणि पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. मूलकणांवर आयुष्याची अनेक वर्षे काम केलेल्या त्या माणसाला पुनरुत्थान मान्य करताना आपले भौतिकशास्त्र सोडावे लागले नाही. त्यांच्याइतकेच व्यासंगी असलेले इतर अनेक भौतिकशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. भौतिकशास्त्र दोघांचे एकच आहे, त्यामुळे मतभेदाचे मूळ अन्यत्र शोधावे लागेल. नव्या करारातल्या साक्षींविषयी स्वतंत्र धागा काढलात, तर मी तिथे जरूर लिहीन.